विश्लेषण : ऑनलाइन नर्सिंग पदवी घ्यायची, पण कुणाकडून? सरकारी विद्यापीठ की नफ्यासाठी चालणारी कंपनी?

अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयात रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या परिचारिकेने मोबाइलवर एकदा 'बीएसएन' हा शब्द शोधला, की पुढचे कित्येक दिवस जाहिराती तिचा पाठलाग सोडत नाहीत. 'नोकरी न सोडता पदवी', 'पुढच्या सोमवारी वर्ग सुरू', 'तुमचा अनुभव हेच तुमचे क्रेडिट' अशी त्यांची भाषा असते. नाव आणि फोन नंबर भरला की काही मिनिटांत गोड आवाजाच्या 'प्रवेश सल्लागारा'चा फोन येतो. राज्याच्या सरकारी विद्यापीठाला पाठवलेल्या ई-मेलचे उत्तर मात्र कधीकधी आठवडाभराने येते.

ज्याने आधी फोन केला त्याच्याकडे प्रवेश घेतला, असे इथे सर्रास होते. या निर्णयावर पुढची दहा वर्षे हप्ते भरायचे की नाही हे ठरत असल्याने तो फोनच्या वेगावर सोडणे परवडणारे नाही. महाराष्ट्रातून जीएनएम करून तिकडे गेलेल्या परिचारिकांपुढे, आणि तिकडे वाढलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलामुलींपुढेही हाच प्रश्न आहे. म्हणून हे विश्लेषण.

पदवीची गरज मुळात का निर्माण झाली?

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका, म्हणजे 'आरएन', होण्यासाठी पदवीच लागते असे नाही. सामुदायिक महाविद्यालयातून दोन वर्षांची सहयोगी पदवी घेऊन किंवा रुग्णालयाशी जोडलेली पदविका घेऊनही 'एनक्लेक्स' ही परवाना परीक्षा देता येते. चार वर्षांची बीएसएन पदवी घेणारेही तीच परीक्षा देतात आणि परवानाही तोच मिळतो.

चित्र बदलले ते २०१० नंतर. 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने त्या वर्षी नर्सिंगच्या भवितव्यावर अहवाल दिला आणि २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात अशी शिफारस केली. रुग्णालयांनी ती मनावर घेतली. 'मॅग्नेट' हा मानाचा दर्जा हवा असेल, तर परिचारिका-व्यवस्थापकांकडे नर्सिंगची पदवी असणे आवश्यक ठरले. न्यूयॉर्क राज्याने २०१७ च्या डिसेंबरमध्ये कायदाच केला : नव्याने परवाना घेणाऱ्या परिचारिकेने दहा वर्षांत नर्सिंगची पदवी मिळवली पाहिजे.

त्यामुळे परवाना आहे, अनुभव आहे, पण पदवी नाही अशा लाखो परिचारिकांची एक बाजारपेठ तयार झाली. पाळ्या, मुले आणि घर सांभाळून त्यांना वर्गात जाऊन बसणे शक्य नव्हते. 'आरएन ते बीएसएन' हा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांच्यासाठीच वाढला. तो सरकारी विद्यापीठांनी काढला, तसा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनीही काढला.

विद्यापीठे किती प्रकारची?

ढोबळमानाने तीन. पहिली सरकारी, म्हणजे राज्याची विद्यापीठे व महाविद्यालये. त्यांना राज्याच्या तिजोरीतून पैसा मिळतो आणि ती लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असतात. दुसरी खासगी पण ना-नफा. उरलेला पैसा भागधारकांना वाटायचा नाही, संस्थेतच वापरायचा, हे त्यांच्यावरील बंधन. दर सहा महिन्यांना ठरावीक शुल्क घेणारे 'वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी' हे यातले मोठे नाव. १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी पुढाकार घेऊन ते १९९७ मध्ये स्थापन केले.

तिसरा प्रकार नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठांचा. त्यांच्या मागे कंपनी असते, भागधारक असतात आणि दर तिमाहीला नफ्याचा आकडा द्यावा लागतो. नर्सिंगमधले अतिशय मोठे 'चेंबरलेन' आणि ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणातले 'वॉल्डन' ही दोन्ही विद्यापीठे आज 'अॅडटॅलम' या एकाच कंपनीकडे आहेत. वॉल्डन तिने २०२१ मध्ये विकत घेतले. 'युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स' आणि 'कॅपेला' ही याच प्रकारातली आणखी परिचित नावे.

भारतीय वाचकाला हा तिसरा प्रकार थोडा अनोळखी वाटेल. आपल्याकडे शिक्षणसंस्था कागदोपत्री न्यास किंवा संस्थाच असते. व्यवहार काहीही असो, उघडपणे नफा वाटता येत नाही. अमेरिकेत तो वाटता येतो आणि तो कायदेशीर आहे.

नफ्याच्या विद्यापीठांवर आक्षेप काय?

पहिला आक्षेप पैसा कुठे जातो याचा. सिनेटर टॉम हार्किन यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीने अशा ३० कंपन्यांची दोन वर्षे छाननी करून जुलै २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. या कंपन्यांनी एका वर्षात जाहिरात, विपणन आणि विद्यार्थी गोळा करण्यावर ४.२ अब्ज डॉलर खर्च केले होते, तर प्रत्यक्ष शिकवण्यावर ३.२ अब्ज. त्यांचा नफा होता ३.६ अब्ज डॉलर. म्हणजे विद्यार्थ्याला दारात आणण्यावरचा खर्च त्याला शिकवण्यावरच्या खर्चापेक्षा जास्त होता.

दुसरा आक्षेप हा पैसा कुणाचा याचा. त्यातला बहुतांश सरकारी कर्ज आणि अनुदानातून येतो. म्हणूनच '९०/१०' नावाचा नियम आहे : अशा विद्यापीठाने किमान १० टक्के उत्पन्न सरकारी साहाय्याबाहेरून मिळवले पाहिजे. माजी सैनिकांना मिळणारे शैक्षणिक लाभ बरीच वर्षे या १० टक्क्यांत धरले जात. त्यामुळे सैनिकांना गाठून त्यांचे प्रवेश करून घेण्याची स्पर्धा लागली होती. २०२१ च्या कायद्याने ही पळवाट बंद केली.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा. 'कोरिंथियन कॉलेजेस' ही साखळी २०१५ मध्ये कोसळली. नर्सिंगसह अनेक विषय शिकवणारी 'आयटीटी टेक' सप्टेंबर २०१६ मध्ये एका दिवसात बंद झाली. २०२२ मध्ये सरकारने कोरिंथियनच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५.८ अब्ज डॉलर आणि आयटीटीच्या २ लाख ८ हजार जणांचे ३.९ अब्ज डॉलर कर्ज माफ केल्याचे जाहीर केले. कर्ज माफ झाले, पण मधली सहा-सात वर्षे कुणी परत दिली नाहीत. 'फिनिक्स'नेही मोठ्या कंपन्यांशी नोकरीचे करार असल्याचा आभास जाहिरातींतून निर्माण केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये व्यापार आयोगाशी १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली.

सगळीच नफ्याची विद्यापीठे अशी नाहीत. आज सुरू असलेल्या कित्येक अभ्यासक्रमांना नर्सिंगची रीतसर मान्यता आहे आणि त्यांचे विद्यार्थी रुग्णालयांत उत्तम काम करत आहेत. पण धंद्याची रचनाच अशी आहे, की जागा भरणे हे पहिले काम ठरते. त्या विद्यार्थिनीला ही पदवी परवडेल का, हा प्रश्न विचारण्यात विक्रेत्याचा काहीच फायदा नसतो.

मग परिचारिका तिकडे जातातच का?

याचे सरळ उत्तर : सरकारी दार अरुंद आहे. अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये पदवी व पदव्युत्तर नर्सिंगसाठी आलेले ६५ हजारांहून अधिक पात्र अर्ज नाकारले गेले. 'पात्र' हा शब्द महत्त्वाचा. गुण होते, पण जागा नव्हती. शिकवायला प्राध्यापक कमी, प्रात्यक्षिकांसाठी रुग्णालयातल्या जागा कमी. रुग्णालयात मिळणारा पगार अध्यापनात मिळत नसल्याने अनुभवी परिचारिका शिकवायला फारशा येत नाहीत.

नफ्याच्या विद्यापीठाने ही पोकळी हेरली. तिथे दर काही आठवड्यांनी नवा वर्ग सुरू होतो. प्रतीक्षा यादी सहसा नसते. अर्ज भरायला, जुनी गुणपत्रके मागवायला माणूस मदत करतो. दोन पाळ्यांच्या मध्ये फोन केला तरी कुणीतरी उचलते. स्वतःच्या घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच व्यक्ती असलेल्या परिचारिकेला हा आधार खरोखरच मोलाचा वाटतो. सरकारी विद्यापीठांनी तिला जे द्यायला हवे होते ते दिले नाही आणि कंपनीने ते दिले, किंमत लावून दिले, एवढाच फरक. त्यामुळे तिकडे गेलेल्यांना 'फसलेल्या' म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे.

सरकारी नाव असले म्हणजे सगळे सरकारीच का?

नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते. अनेक सरकारी विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम पडद्यामागून खासगी कंपन्या चालवतात. जाहिरात, प्रवेशाचे फोन, संकेतस्थळ त्यांचे. पदवी व प्राध्यापक विद्यापीठाचे. मोबदल्यात कंपनी शुल्काचा ठरावीक हिस्सा घेते. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेचा भलामोठा ऑनलाइन नर्सिंग विभाग अशाच भागीदारीतून वाढला. प्रवेशामागे दलाली देण्यास अमेरिकी कायद्याने बंदी आहे. मात्र भरतीबरोबर इतर सेवाही एकत्रित पुरवल्या तर शुल्कात वाटा घेता येतो, अशी सवलत शिक्षण खात्याच्या २०११ च्या परिपत्रकाने दिली. त्यामुळे सरकारी विद्यापीठाच्या नावाने आलेला फोनही विक्रेत्याचा असू शकतो.

दुसरी गोष्ट नावे बदलण्याची. पर्ड्यू या नामांकित सरकारी विद्यापीठाने 'कॅप्लान' हे नफ्याचे विद्यापीठ २०१७ मध्ये एका डॉलरला घेतले आणि ते 'पर्ड्यू ग्लोबल' झाले. मूळ कंपनी मात्र शुल्क घेऊन सेवा पुरवत राहिली. अॅरिझोना विद्यापीठाने २०२० मध्ये 'अॅशफर्ड'चे असेच केले. पाटी बदलली म्हणून शिकवणे वाईट ठरत नाही, आणि चांगलेही ठरत नाही. पाटीवरच्या नावाऐवजी तो विशिष्ट अभ्यासक्रम तपासायचा, हा यातला धडा.

मान्यता नेमकी कशी तपासायची?

दोन पातळ्यांवर. एक, संपूर्ण विद्यापीठाची मान्यता. ती नसेल तर सरकारी कर्ज मिळत नाही आणि क्रेडिट दुसरीकडे चालत नाहीत. दोन, नर्सिंग अभ्यासक्रमाची स्वतंत्र मान्यता. ती देणाऱ्या प्रमुख संस्था 'सीसीएनई' आणि 'एसीईएन'. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल किंवा सैन्याच्या रुग्णालयात नोकरी हवी असेल तर ही दुसरी मान्यता विचारली जातेच. सल्लागार फोनवर 'आम्ही पूर्ण मान्यताप्राप्त' म्हणतो तेव्हा कोणती मान्यता हे विचारावे, आणि त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर यादी पाहावी.

मान्यता देणाऱ्याचीही पत पाहावी लागते. कोरिंथियनची अनेक केंद्रे आणि आयटीटी यांना मान्यता देणारी 'एसीआयसीएस' ही संस्था पुढे स्वतःच अपात्र ठरली. २०२२ मध्ये सरकारने तिची ओळख काढून घेतली.

आणि तिसरी पातळी म्हणजे तुमच्या राज्याचे नर्सिंग बोर्ड. अमेरिकेत परवाना राज्य देते. एका राज्यातले ऑनलाइन विद्यापीठ दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या विद्यार्थिनीला शिकवू शकते की नाही, तिचे क्लिनिकल काम धरले जाईल की नाही, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

या बाबतीत निष्काळजीपणा किती महाग पडतो हे जानेवारी २०२३ मध्ये दिसले. 'ऑपरेशन नाइटिंगेल' या कारवाईत फ्लोरिडातल्या तीन शाळांच्या नावाने ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग पदविका व गुणपत्रके विकली गेल्याचे तपास यंत्रणांनी उघड केले. ती कागदपत्रे घेऊन सुमारे २,४०० जण परवाना परीक्षा उत्तीर्णही झाले होते. त्यानंतर वेगवेगळ्या राज्यांनी परवाने रोखले किंवा काढून घेतले. 'लवकर आणि सोपे' या शब्दांची किंमत शेवटी रुग्णाला मोजावी लागते, हे यातले खरे गांभीर्य.

खर्चाचा हिशेब कसा करायचा?

जाहिरातीत दर क्रेडिटचे शुल्क मोठ्या अक्षरात असते. ते पाहून निर्णय घेऊ नये. बीएसएनसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात. आधीच्या शिक्षणातली किती धरली जातात यावर खर्च ठरतो.

समजा, पहिल्या विद्यापीठाचा दर क्रेडिटला ३०० डॉलर आहे, पण ते तुमची ७५ क्रेडिटच धरते. उरली ४५, म्हणजे १३,५०० डॉलर. दुसऱ्याचा दर ४०० आहे, पण ते ९० क्रेडिट धरते. उरली ३०, म्हणजे १२,००० डॉलर. स्वस्त वाटलेले विद्यापीठ दीड हजार डॉलरने महाग निघाले, आणि वेळही जास्त लागला. भारतातून जीएनएम केलेल्यांनी तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा : माझ्या पदविकेची आणि परवान्याची मिळून किती क्रेडिट धराल? उत्तर लेखी हवे. 'नंतर बघू' हे उत्तर नाहीच.

यात तंत्रज्ञान शुल्क, पुस्तके, पुन्हा द्यावा लागणारा विषय हेही मिळवावे. सरकारी विद्यापीठ दुसऱ्या राज्यातले असेल तर परप्रांतीयांचा चढा दर लागतो का, हेही पाहावे. अनेक विद्यापीठे ऑनलाइनसाठी सर्वांना एकच दर लावतात, पण सगळी नाही. अशा वेळी 'सरकारी म्हणजे स्वस्त' हे गणित चुकू शकते.

आता मदतीची बाजू. नोकरी देणाऱ्या रुग्णालयाने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. अभ्यासक्रम दोन आर्थिक वर्षांत विभागला तर पदवीचा मोठा भाग याच पैशांत होऊ शकतो. मात्र काही रुग्णालये त्याबदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट घालतात. ती वाचून सही करावी. ग्रीन कार्ड असलेल्या परिचारिकेला सरकारी शैक्षणिक कर्ज मिळू शकते; केवळ तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना ते मिळत नाही. सरकारी किंवा ना-नफा रुग्णालयात नोकरी करत १२० हप्ते भरले तर उरलेले सरकारी कर्ज माफ होण्याची योजना आहे. बँकेचे खासगी कर्ज तिच्यात बसत नाही. म्हणून कर्ज घेणे भागच असेल, तर ते कोणाचे आहे हे पाहणे व्याजदराइतकेच महत्त्वाचे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी वेगळा विचार का?

नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत खरी अडचण पडद्यावरच्या तासाची नसून रुग्णालयातल्या तासांची आहे. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार थेट रुग्णसेवेचे किमान ७५० तास अपेक्षित आहेत. हे तास कोणाच्या देखरेखीखाली करायचे? काही विद्यापीठे ती जागा मिळवून देतात. काही मात्र 'देखरेख करणारा डॉक्टर किंवा नर्स तुम्हीच शोधा' असे सांगतात. अनेकींची पदवी इथेच अडते. कधी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जागा मिळवावी लागते, कधी सत्र वाया जाते. नफ्याच्या विद्यापीठांबाबत ही तक्रार वारंवार ऐकू येत असली, तरी काही सरकारी अभ्यासक्रमही त्यातून सुटलेले नाहीत.

शिवाय कर्जाचे नियम बदलत आहेत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचे 'ग्रॅड प्लस' कर्ज बंद होते. सामान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वर्षाला २०,५०० व एकूण एक लाख डॉलर, तर 'व्यावसायिक' पदव्यांना वर्षाला ५० हजार व एकूण दोन लाख अशी मर्यादा आहे. शिक्षण खात्याने २०२५ च्या अखेरीस पुढे आणलेल्या 'व्यावसायिक' पदव्यांच्या व्याख्येत नर्सिंगचा समावेश नव्हता. त्यावर परिचारिकांच्या संघटनांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. पूर्णवेळेपेक्षा कमी विषय घेणाऱ्यांची कर्जमर्यादाही त्या प्रमाणात घटते. नोकरी करत शिकणाऱ्या परिचारिकेला हा नियम थेट लागू पडतो. महागड्या अभ्यासक्रमात प्रवेश घेऊन मधेच सरकारी कर्ज संपले, तर पुढे खासगी कर्जाशिवाय वाट उरत नाही.

इथे, महाराष्ट्रात बसून अशी पदवी घेता येईल का?

हा प्रश्न वेगळा ठेवायला हवा, कारण उत्तरही वेगळे आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार नर्सिंग हा ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देण्यास मनाई असलेल्या विषयांत येतो. 'घरबसल्या बीएससी नर्सिंग' अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर ती तिथेच बंद करावी. इग्नूचा पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग अभ्यासक्रम नोकरीत असलेल्या, आधीच नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी चालत आला आहे. त्यालाही प्रवेश परीक्षा आणि नेमून दिलेल्या केंद्रावरचे प्रत्यक्ष काम चुकलेले नाही. बारावीनंतर थेट परिचारिका होण्याचा तो मार्ग नव्हे.

अमेरिकेतला 'आरएन ते बीएसएन' अभ्यासक्रमही बहुतेक ठिकाणी तिथला चालू परवाना असल्याशिवाय प्रवेश देत नाही. त्यामुळे 'आधी इथून ऑनलाइन अमेरिकी पदवी, मग नोकरी' असा क्रम सांगणारा दलाल उलटे चित्र दाखवत असतो. खरा क्रम शैक्षणिक कागदपत्रांची तपासणी, एनक्लेक्स, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा आणि मग तिथे गेल्यावर, गरज असेल तर, पदवी असा आहे.

प्रवेशापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

१. नर्सिंग अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आजच्या तारखेला आहे का? मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव आहे का?

२. मी राहते त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाला हा अभ्यासक्रम चालतो का? हे बोर्डालाच विचारावे.

३. माझी किती क्रेडिट धरली जातील? लेखी मिळेल का?

४. सर्व शुल्क धरून पदवी संपेपर्यंत एकूण किती डॉलर लागतील?

५. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणी पदवी पूर्ण करतात, आणि त्यांच्यावर सरासरी किती कर्ज राहते? सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या मोफत संकेतस्थळावर अशी माहिती मिळते.

६. क्लिनिकल जागा कोण मिळवून देणार?

७. मधेच सोडावे लागले तर किती पैसे परत, आणि माझी क्रेडिट जवळच्या सरकारी विद्यापीठात चालतील का?

शेवटच्या प्रश्नासाठी फोन सल्लागाराला करायचाच नाही. तो जवळच्या सरकारी विद्यापीठाला करायचा. तिथले लोक 'या विद्यापीठाची क्रेडिट आम्ही घेत नाही' म्हणाले, तर बाकीच्या सहा प्रश्नांची गरजच पडत नाही.

मग निवड कोणती?

आमचे मत स्पष्ट आहे. परवाना हातात असलेल्या आणि फक्त बीएसएन हवी असलेल्या परिचारिकेने सुरुवात आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठापासून करावी. मग ना-नफा संस्था पाहावी आणि नफ्याच्या विद्यापीठाकडे सर्वांत शेवटी वळावे. पदवीने मिळणारी पगारवाढ बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचे नाव पाहून ठरत नाही. परवाना तोच, पाळी तीच. तीच गोष्ट दुप्पट कर्ज काढून घेण्यात शहाणपण नाही. सरकारी दाराबाहेर वर्षभर थांबावे लागणार असेल आणि नोकरीतली बढती हातची जाणार असेल, तर मान्यता असलेले नफ्याचे विद्यापीठ हा पर्याय त्याज्य नाही. पण रुग्णालयाच्या मदतीत बसेल तेवढ्याच खर्चात, शक्यतो कर्ज न काढता.

परवाना नसलेल्या, नव्याने परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलांनी मात्र अधिक सावध राहावे. तिथे परवाना परीक्षेतला निकाल हाच खरा पुरावा. अनेक राज्यांची बोर्डे महाविद्यालयनिहाय निकाल जाहीर करतात. तो सलग तीन वर्षांचा पाहावा.

सगळी जबाबदारी विद्यार्थिनीवर टाकून भागणार नाही. परिचारिका कमी आहेत म्हणून ओरडायचे, पदवी हवी म्हणून दडपण आणायचे, आणि हजारो पात्र अर्ज मात्र जागेअभावी परत पाठवायचे, हे अमेरिकी राज्यांचे धोरण आहे. प्राध्यापकांचे पगार आणि प्रात्यक्षिकांच्या जागा यांवर सरकारने खर्च केला नाही, तर तो खर्च परिचारिका स्वतःच्या कर्जातून करते आणि नफा दुसऱ्याच्या खात्यात जातो. खासगी नर्सिंग महाविद्यालयांच्या शुल्काने घायकुतीला आलेल्या आपल्याकडच्या पालकांनाही हे दुखणे ओळखीचे वाटेल.

तोवर एक साधा नियम पाळता येईल. फोनवर 'आजच प्रवेश घेतलात तर नोंदणी शुल्क माफ' असे कुणी म्हणाले, तर फोन ठेवावा, झोप पूर्ण करावी आणि दुसऱ्या दिवशी वरचे सात प्रश्न घेऊन बसावे. ज्या विद्यापीठाला तुम्ही आठवडाभर विचार केलेला चालतो, त्याच्याकडेच पुढची बोलणी करावीत.